कलामहर्षी बाबूराव पेंटर

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ आहे. सगळीकडे काळोख आहे. त्या काळोखात एक मोडकी झोपडी उभी आहे. जवळच एक कुत्रे रडत आहे. बस्स, एवढेच.

हा प्रसंग 'सावकारी पाश' या चित्रपटातला आहे. तो आधी १९२५ साली मूक निघाला आणि पुढे १९३६ साली बोलका निघाला.   जे. बी. एच. वाडिया यांना हा प्रसंग विसरता आला नाही. वाडिया स्वतः मोठे चित्रपट-निर्माते होते. खूप वर्षांनंतर त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, तेव्हा ती उदास झोपडी आणि ते कुत्रे त्यांच्या मनात जसेच्या तसे होते.

आता तुम्ही म्हणाल, तो १९२५ सालचा मूकपट आम्हांलाही पाहायला मिळेल का? नाही, मित्रांनो. तो मूकपट हरवला आहे. ज्यांनी तो पाहिला, ती माणसेही आता राहिलेली नाहीत. ज्यांनी तो निर्माण केला, त्यांचे बहुतेक सगळेच मूकपट असे नाहीसे झाले आहेत. त्यांचे नाव बाबूराव पेंटर. ज्याचे काम आपल्याला पाहता येत नाही, अशा कलावंताची ओळख करून घेणे थोडे अवघड आहे. तरी आपण प्रयत्न करू.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे खरे आडनाव मेस्त्री. वडिलांचे नाव कृष्णराव. ते हरहुन्नरी कारागीर होते. लाकूड, लोखंड, दगड, रंग, काहीही हाती दिले तरी त्यातून ते सुंदर वस्तू घडवत. त्यामुळे बाबूरावांना कलेच्या शाळेत जावे लागले नाही. घर हीच त्यांची शाळा होती. रंधा कसा चालवावा, ऐरणीवर लोखंड कसे ठोकावे, कुंचला कसा धरावा, हे सर्व ते पाहता पाहता शिकले.

घरात त्यांना एक जोडीदारही होता. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव. आनंदरावही उत्तम चित्रकार होते. दोघे मिळून काम करत, मिळून नवेनवे प्रयोग करत.

त्या काळी महाराष्ट्रात संगीत नाटकांचे वेड होते. नाटकात राजवाडा, अरण्य, नदी, रस्ता दाखवायचा असला, की मागे रंगवलेला मोठा पडदा सोडत. पडदा चांगला असला, तर तो वर जाताच लोक टाळ्या वाजवत. कोल्हापूरचे प्रसिद्ध गायक-नट केशवराव भोसले यांच्या 'ललितकलादर्श' या नाटक मंडळीसाठी आनंदराव आणि बाबूराव यांनी पडदे रंगवले. गुजराती व पारशी नाटक मंडळ्यांसाठीही त्यांनी पडदे केले. सपाट कापडावर रंगवलेला रस्ता खरोखर दूर जातो आहे, असे वाटे. त्यांच्या पडद्यांची कीर्ती पसरली. लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. हळूहळू मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हेच आडनाव झाले.

तुम्ही दादासाहेब फाळके यांचे नाव ऐकले असेल. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला. या चित्रपटानंतर या दोघा भावांना सिनेमाचा नाद लागला. नाद म्हणजे किती? त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे एक यंत्र विकत घेतले. त्यावर ते लोकांना चित्रपट दाखवू लागले. लोक पडद्याकडे पाहत; हे दोघे यंत्राकडेही पाहत. चित्र हलते कसे, हे त्यांना समजून घ्यायचे होते.

ते कसे हलते, हे आपणही समजून घेऊ. खरे म्हणजे चित्रपटातील कोणतेच चित्र हलत नाही. चित्रपटाची फिल्म ही एक लांबच लांब पट्टी असते. तिच्यावर ओळीने हजारो स्थिर छायाचित्रे असतात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्राहून किंचित वेगळे असते. ती चित्रे भराभर डोळ्यांसमोरून गेली, की आपल्याला माणूस चालताना दिसतो. मूकपटाच्या काळात दर सेकंदाला सुमारे सोळा चित्रे घेत असत. आता कॅमेऱ्याचे काम पाहा. फिल्मच्या दोन्ही कडांना बारीक भोके असतात. कॅमेऱ्यातील दात त्या भोकांत अडकतात आणि फिल्म खाली ओढतात. एका चित्राएवढी फिल्म खाली आली, की ती क्षणभर थांबली पाहिजे. त्याच क्षणी झडप उघडली पाहिजे, उजेड आत आला पाहिजे आणि झडप पुन्हा मिटली पाहिजे. मग दातांनी फिल्म पुन्हा ओढली पाहिजे. हे सारे एका सेकंदात सोळा वेळा! आणि तेही हाताने हँडल फिरवून. एखाद्या चाकाचा दाता केसाएवढा जरी चुकला, तरी पडद्यावरचे चित्र थरथरते.

फाळके यांनी आपला कॅमेरा इंग्लंडहून आणला होता. तसा कॅमेरा विकत घेण्याइतके पैसे या भावांजवळ नव्हते. मग त्यांनी ठरवले, की कॅमेरा आपणच करायचा. दोन पडदे रंगवणारे! कोल्हापूरसारखे गाव, हाताशी साधी हत्यारे आणि शिकवायला कोणी नाही. आज आपल्याला हा वेडेपणा वाटेल. तेव्हाही पुष्कळांना वाटला असणार.

आनंदरावांनी कामाला सुरुवात केली. पण कॅमेरा पुरा होण्याआधीच १९१६ साली त्यांचा मृत्यू झाला. बाबूरावांचा भाऊ गेला, जोडीदार गेला. अर्धवट यंत्र तेवढे मागे राहिले.

या वेळी बाबूरावांजवळ त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले होते. दामले पडदे रंगवण्याची कला शिकायला आले होते. पण यंत्रातही त्यांचे डोके फार चालत असे. गुरुशिष्यांनी ते काम पुन्हा हाती घेतले. चाके घडवली, मोडली, पुन्हा घडवली. अखेर १९१८ साली कॅमेरा तयार झाला. त्यातून घेतलेले चित्र पडद्यावर नीट उमटले.

याच सुमारास कोल्हापुरात 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली. पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. मित्रांनो, हे नाव मुद्दाम लक्षात ठेवा. कंपनीचा इतिहास सांगताना पुरुषांची नावे भराभर घेतली जातात आणि तानीबाईंचे नाव राहून जाते. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज हे कलांचे मोठे आश्रयदाते होते. त्यांचेही प्रोत्साहन या कंपनीला मिळाले.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन चित्रपटगृहात लागला. त्याची कथा महाभारतातील आहे. पांडव वनवासानंतर एक वर्ष वेष पालटून विराट राजाकडे राहतात. द्रौपदी सैरंध्री नावाने राणीची दासी होते. राणीचा भाऊ कीचक तिला छळतो आणि शेवटी भीम त्याला ठार मारतो. याच कथेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी 'कीचकवध' हे नाटक लिहिले होते. कीचक म्हणजे जुलमी इंग्रज सत्ता, हे प्रेक्षकांना न सांगता कळत होते. सरकारलाही ते कळले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. दहा वर्षांनी तीच कथा बाबूरावांनी पडद्यावर आणली. आता तिच्यात एकही संवाद ऐकू येत नव्हता!

कीचकाला मारण्याचा प्रसंग त्यांनी इतका हुबेहूब दाखवला, की प्रेक्षक घाबरून गेले. तो प्रसंग पुढे कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन गौरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळकांचे निधन झाले.

'सैरंध्री'मध्ये गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांनी काम केले. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी होती. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या वेळी नाटक-सिनेमात स्त्रियांची कामे बहुधा पुरुषच करत. 'राजा हरिश्चंद्र'मधील राणी तारामतीही एक पुरुषच होता. नंतर फाळके यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दोन स्त्रियांनी भूमिका केल्या. तरी लोकांचे मत बदलले नव्हते. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना त्यांच्या समाजाने वाळीत टाकले. त्यांना राहायला जागा उरली नाही. तेव्हा त्या कंपनीच्या आवारातच राहू लागल्या. बाबूरावही तेथेच राहत. स्वयंपाक तेथेच, झोपणे तेथेच, चित्रण तेथेच. कंपनी म्हणजे एक मोठे कुटुंबच झाले होते.

या कुटुंबात आणखी एक तरुण होता. त्याचे नाव शेख फत्तेलाल. तोही चित्रकार होता आणि बाबूरावांच्या हाताखाली काम शिकत होता. पुढे सारे त्यांना 'साहेबमामा' म्हणू लागले. फत्तेलाल आणि दामले यांची अशी मैत्री जमली, की एकाचे नाव घेतले की दुसऱ्याचे आपोआप तोंडी येई. शांताराम वणकुद्रे नावाचा एक मुलगाही कंपनीत आला. पडेल ते काम करता करता १९२१ सालच्या 'सुरेखाहरण'मध्ये त्याला भूमिका मिळाली. हेच पुढचे व्ही. शांताराम.

बाबूराव या मुलांना शिकवत तरी काय? त्यांचा सगळा भर पाहण्यावर होता. चित्रीकरणाच्या आधी ते प्रत्येक पात्राचे चित्र काढत. पोशाख कसा, दागिने कसे, उभे कसे राहायचे, हात कसा उचलायचा, हे त्या चित्रात असे. नटाने ते चित्र पाहायचे आणि तसे करायचे. आपण स्वतः पडदे रंगवून नाव मिळवले, पण चित्रपटात रंगवलेले पडदे चालणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. कॅमेरा जवळ गेला, की कापडावरचा खांब कापडच दिसतो. म्हणून त्यांनी खऱ्या भिंती, खरे खांब, खऱ्या खोल्या उभ्या करायला सुरुवात केली. ज्या कलेने नाव दिले, तीच बाजूला ठेवायची, हे सोपे नाही. बाबूरावांनी ते केले.

त्यांचे उजेडावर फार लक्ष असे. पूर्वी चित्रीकरण फक्त उन्हात होई. १९२३ साली त्यांनी 'सिंहगड' काढला. हरी नारायण आपटे यांच्या प्रसिद्ध कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजी मालुसरे रात्री गड चढतात, रात्रीच लढाई होते. ही रात्र दाखवण्यासाठी बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. 'सिंहगड' पाहायला इतकी गर्दी लोटली, की ती पाहूनच सरकारला करमणूक कर बसवण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. आपल्या देशात चित्रपटाच्या तिकिटावर पुढे कितीतरी वर्षे हा कर होता.

प्रेक्षकांना चित्रपटाची माहिती आधी मिळावी, म्हणून ते छायाचित्रांसह छोट्या पुस्तिका छापत. जाहिरातीची मोठी चित्रेही ते स्वतः रंगवत.

१९२४ साली 'कल्याण खजिना' आला. त्याची कथा तुमच्या परिचयाची असेल. कल्याणच्या सुभेदाराची सून पकडून शिवाजी महाराजांसमोर आणली जाते. महाराज तिला आईसारखा मान देतात आणि सन्मानाने घरी पोहोचवतात. ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. त्याच वर्षी लंडनजवळ वेम्बली येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात या चित्रपटाला पदक मिळाले. म्हणजे कोल्हापुरात तयार झालेला चित्रपट विलायतेत वाखाणला गेला. आज हा चित्रपटही नाही. त्याचे बाबूरावांनी केलेले भित्तिचित्र मात्र उरले आहे. चित्र असलेले भारतीय चित्रपटाचे सर्वांत जुने उपलब्ध भित्तिचित्र म्हणून ते ओळखले जाते. चित्रपट गेला आणि त्याची जाहिरात राहिली!

आता आपण 'सावकारी पाश'कडे परत येऊ. तोपर्यंत आपल्याकडे चित्रपट म्हणजे देवदेवतांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथा. १९२५ साली बाबूरावांनी एका गरीब शेतकऱ्याची कथा निवडली. ती नारायण हरी आपटे यांची होती. शेतकरी सावकाराच्या कर्जात अडकतो. त्याला लिहिता-वाचता येत नाही. जमीन सावकाराच्या घशात जाते. घरदार सोडून तो शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. या चित्रपटात चमत्कार नव्हते, झगमगते मुकुट नव्हते. कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांत रोज घडणारी गोष्ट होती.

लोकांना तो फारसा रुचला नाही. रोजचे दुःख पैसे देऊन कशाला पाहायचे, असे त्यांना वाटले असावे. कंपनीला त्यातून मोठा पैसा मिळाला नाही. पण जाणत्यांनी त्याला मान दिला. भारतात साध्या माणसाचे खरे जगणे दाखवणाऱ्या चित्रपटांची सुरुवात येथून झाली, असे अभ्यासक मानतात. कशावरून मानतात? वाडिया यांच्यासारख्यांच्या आठवणींवरून, छायाचित्रांवरून, लिहून ठेवलेल्या माहितीवरून. मूळ चित्रपट समोर ठेवून कोणालाच काही सांगता येत नाही, ही खरी खंत आहे.

मूकपट म्हणजे चित्रपटगृहात शांतता असे, असे मात्र समजू नका. पडद्याजवळ पेटी-तबला वाजत असे. मधूनमधून पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत. त्यांवर कथा किंवा पात्रांचे बोलणे लिहिलेले असे. आपल्या देशात भाषा अनेक, म्हणून एकाच पाटीवर दोन-दोन, तीन-तीन भाषा असत. इंग्रजी, मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू. वाचता येणारा माणूस मोठ्याने वाचून दाखवी आणि बाकीचे ऐकत. पाट्या बदलल्या, की तोच चित्रपट लाहोरलाही चाले आणि मद्रासलाही चाले.

बाबूरावांची कंपनी जोरात चालली होती, तरी तिच्यात कुरबुरी सुरू झाल्या. शिष्य आता मोठे झाले होते. त्यांना स्वतःचे काही करायचे होते. १९२८ साली दामले आणि फत्तेलाल यांनी याच कंपनीत 'कर्ण' हा चित्रपट दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात फिल्म कंपनी' काढली. एकाच वेळी चार कसलेले शिष्य गेले! बाबूरावांना काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईत 'आलम आरा' लागला. पडदा बोलू लागला, गाऊ लागला. लोकांनी मूकपटांकडे पाठ फिरवली. प्रभातच्या मंडळींनी लगेच ध्वनीचे तंत्र आपलेसे केले. बाबूरावांना मात्र त्याचा आनंद झाला नाही. मोठ्या कष्टाने आपण चित्रांची भाषा तयार केली. आता पात्रे नुसती बोलत सुटतील आणि चित्र मागे पडेल, अशी त्यांना भीती वाटत होती. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

बाबूरावांचे हे मत बरोबर होते का? मला वाटते, ते अर्धे चुकले. आवाजामुळे चित्रपट बिघडला नाही. त्यांच्याच शिष्यांनी ते दाखवून दिले. दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' काढला. एक हिंदू आणि एक मुसलमान, दोघे जिवलग मित्र, दोघांनी मिळून संताची कथा सांगितली. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. त्यात अभंग आहेत, बोलणे आहे. पण प्रत्येक चित्रही तितकेच बोलके आहे. ती नजर त्यांना कोल्हापुरातच मिळाली होती. पण बाबूराव अर्धे बरोबरही होते. पहिल्या काही वर्षांतील पुष्कळ बोलपट म्हणजे कॅमेऱ्यापुढे उभे राहून म्हटलेली नाटकेच होती.

नंतरच्या काळात बाबूरावांनी काही बोलपट केले. १९३५ साली 'उषा', १९३६ साली बोलका 'सावकारी पाश', १९३७ साली 'प्रतिभा'. १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट त्यांनी आपले जुने शिष्य व्ही. शांताराम यांच्याबरोबर दिग्दर्शित केला. तो खूप गाजला. एरवी ते आपल्या मूळ कामाकडे, चित्रे आणि शिल्पे यांच्याकडे, परत गेले. कुंचला आणि माती यांनी त्यांना शेवटपर्यंत साथ दिली. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. लोक त्यांना आदराने 'कलामहर्षी' म्हणतात. कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा एक स्तंभ आहे. तो या साऱ्या मंडळींच्या आठवणीसाठी उभारलेला आहे.

आणि त्यांचे मूकपट? ते गेले कोठे?

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेते. एकदा पेटली, की पाण्यानेही विझत नाही. पेटली नाही, तरी उष्ण आणि दमट हवेत ती कुजते. आधी चिकट होते, मग तिचे पापुद्रे निघतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. दुसरे कारण चांदीचे. फिल्मवरील चित्र चांदीच्या बारीक कणांनी तयार झालेले असते. मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्या फिल्म चांदी काढण्यासाठी किलोच्या भावाने विकल्या गेल्या. चित्रे धुऊन गेली आणि चिमूटभर चांदी हाती आली. हे करणारे दुष्ट होते, असे मी म्हणणार नाही. कंपन्या बुडाल्या होत्या, जागेचे भाडे थकले होते आणि जुन्या मूकपटांना कधी किंमत येईल, असे कोणालाच वाटत नव्हते. पण नुकसान व्हायचे ते झाले. भारतात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांतील तीसएक शिल्लक आहेत आणि त्यांतही पुष्कळांचे नुसते तुकडे आहेत. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'ही पूर्ण उरलेला नाही.

जुने चित्रपट जपून ठेवण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तोपर्यंत बाबूरावांना जाऊन दहा वर्षे झाली होती. त्यांच्या मूकपटांपैकी काही थोडे तुकडे तेवढे वाचले. बोलपटांपैकी 'प्रतिभा' मात्र टिकला आहे. तो पाहिला, म्हणजे भव्य महाल कसे उभे करावेत, गर्दीची मांडणी कशी करावी आणि उजेड-सावलीचा खेळ कसा करावा, यातले बाबूरावांचे कौशल्य आजही दिसते.

शोध अजून संपलेला नाही. कलकत्त्यात तयार झालेला १९१९ सालचा 'बिल्वमंगल' हा मूकपट कायमचा गेला, असे सर्व जण समजत होते. त्याचा काही भाग फ्रान्समधील एका चित्रपट संग्रहात निघाला आणि २०१६ साली त्याची प्रत पुण्याला आली. त्या काळी चित्रपटांचे डबे गावोगावी फिरत. कोणता डबा कोणाकडे राहून गेला असेल, कोणी सांगावे? तेव्हा मित्रांनो, एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या खोलीत किंवा भंगारवाल्याच्या दुकानात पत्र्याचा गोल, चपटा, गंजलेला डबा तुम्हांला दिसला, तर तो उन्हात ठेवू नका, दिव्याजवळ नेऊ नका आणि फिल्म ओढून पाहू नका. घरातल्या मोठ्या माणसांना किंवा शिक्षकांना सांगा आणि पुण्याच्या संग्रहालयाला पत्र लिहा. डब्यावरची पाटी पुसली गेली असेल, तरी हरकत नाही. आत एक काळोखी रात्र, एक मोडकी झोपडी आणि एक रडणारे कुत्रे असू शकेल.